वळिवड्याचा कॅम्प, गांधीनगर आणि आपला वर्ग

जून उजाडला की आपल्यापैकी निम्म्या घरांची एक फेरी ठरलेली असे, गणवेशाचे कापड आणायला गांधीनगरला. खाकी आणि पांढरे कापड तिथे वारामागे थोडे स्वस्त पडे, आणि त्या थोड्यासाठी वडील मला सायकलच्या दांडीवर बसवून उचगाववरून घेऊन जात. दुकानदार आपल्याशी मराठीत बोले, कापड मोजी, फाडी आणि मग वहीत काहीतरी उजवीकडून डावीकडे लिही. मी एकदा वडिलांना विचारले, "हे उलटं का लिहितात?" वडील म्हणाले, "निर्वासित आहेत ते." मला उत्तर पटले. निर्वासित म्हणजे उलटे लिहिणारे लोक, असे मी पुढची चार-पाच वर्षे धरून चाललो.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला शाळेच्या इतिहासावर लिहायला सांगितले होते. "आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवलास, आता फुकट लिही," असा निरोप होता. पण इमारत निधी, मुख्याध्यापकांची नावे आणि निकालाचे आकडे यांवर आपल्यातल्या दोघांनी उत्तम लिहिले आहे असे कळले. म्हणून मी दुसऱ्याच एका शाळेबद्दल लिहितो. ती आपल्या शाळेपासून सात-आठ किलोमीटरवर होती, जेमतेम पाच वर्षे चालली, आणि आपण दहावी होईपर्यंत तिचा उल्लेखही कधी ऐकला नव्हता. ती बंद पडली त्या जागी नंतर जी मुले राहायला आली, त्यांतल्या एका घरातला मुलगा आपल्या बाकावर बसत होता. त्याचे नाव लिहीत नाही. वाचाल तेव्हा तो तुमच्या शेजारीच बसलेला असेल.

नववीत असताना मी पहिल्यांदा त्याच्या घरी गेलो. लांबलचक कौलारू चाळीसारखी बराक, ओळीने दारे, पुढे पडवी. त्याच्या आईने आधी पापड आणि पाणी दिले, मग कोकी. निघताना त्याने मला मागच्या दाराची चौकट दाखवली. तिच्यावर चाकूने काही अक्षरे कोरलेली होती. लिपी इंग्रजीची, पण शब्द इंग्रजी नव्हते. काही अक्षरांना खाली शेपट्या होत्या, एका अक्षराच्या पोटातून तिरकी रेघ गेली होती. "आम्ही यायच्या आधीपासून आहे," तो म्हणाला. "आधी इथे गोरे राहत होते म्हणे." गोरे म्हणजे इंग्रज, असा आम्ही दोघांनी निष्कर्ष काढला आणि विषय संपला.

ते इंग्रज नव्हते हे मला एम.ए.ला कळले. ती भाषा पोलिश होती. ती अक्षरे कोरणारा आमच्याच वयाचा कोणीतरी असावा, कारण चौकटीवर ती आमच्या खांद्याच्या उंचीला होती.

दुसरे महायुद्ध कसे सुरू झाले, हा प्रश्न आपल्याला पाच गुणांना असायचा. १ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरने पोलंडवर हल्ला केला, हे आपण घोकले. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजाही पोलंडमध्ये शिरल्या, हे पुस्तकात नव्हते. देशाचे दोन तुकडे झाले. पूर्वेकडच्या तुकड्यातल्या लोकांना उचलून नेण्याचे काम १० फेब्रुवारी १९४० च्या कडाक्याच्या थंडीत सुरू झाले. रात्री दार ठोठावायचे, हाताला लागेल ते बांधायला थोडा वेळ द्यायचा आणि सगळ्या घराला मालगाडीच्या डब्यात कोंबायचे. सैनिक, शिक्षक, जंगल खात्यातले लोक, लहान शेतकरी, त्यांच्या बायका, म्हाताऱ्या आणि मुले. गाड्या कुठे अर्खान्गेल्स्कच्या जंगलात गेल्या, कुठे सैबेरियात, कुठे कझाकस्तानच्या माळावर. तिथे झाडे तोडायची आणि कामाच्या मापाने भाकरी मिळवायची. असे चार मोठे लोंढे गेले, शेवटचा जून १९४१ मध्ये.

त्याच जूनमध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला आणि कालचा कैदी आज मित्र ठरला. लंडनमधल्या पोलिश निर्वासित सरकारशी स्टॅलिनच्या सरकारने करार केला, पोलिश कैद्यांना 'माफी' जाहीर झाली. कशाची माफी, हे विचारायचे नसते. जनरल अँडर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले, आणि ते जिथे, तिथे जेवण, या हिशेबाने हजारो कुटुंबे उत्तरेकडून मध्य आशियाकडे निघाली. वाटेत टायफसने आणि उपासमारीने किती गेले याची मोजदाद नीट झालेलीच नाही. कित्येक आयांनी आपली जिवंत मुले अनाथ म्हणून सैन्याच्या अनाथाश्रमात सोडली, कारण अनाथ मुलांना देशाबाहेर नेतात असे कानावर आले होते. हे वाक्य मी वर्गात दर वर्षी शिकवत असे आणि दर वर्षी तिथे थोडा थांबत असे.

१९४२ मध्ये दोन खेपांत एक लाखाहून जास्त पोलिश माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. तिथे त्यांचे कपडे जाळले, डोकी भादरली, अंघोळी घातल्या. बरीच मुले पोटभर जेवण मिळाल्यावर मेली, कारण आतड्यांना त्याची सवय उरली नव्हती. जी जगली त्यांच्या आठवणींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. पुढे कितीतरी महिने ती मुले रात्री उशीखाली पाव लपवून झोपत.

आता ही मुले ठेवायची कुठे? सैन्य लढायला जाणार होते. इराणमध्ये कायमचे राहता येत नव्हते. पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड अशा ठिकाणी थोडी थोडी गेली. हिंदुस्थानात सर्वांत आधी पुढे आले नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी. रणजी करंडकातल्या रणजींचे हे पुतणे आणि दत्तक वारस. इराणातून ट्रकने आणलेली मुलांची पहिली तुकडी काही काळ मुंबईत वांद्र्याला राहिली आणि १९४२ मध्येच जामनगरजवळ बालाचडीला, समुद्रकाठी गेली. त्या मुलांची नाटके बघायला जामसाहेब स्वतः येत, नाताळला भेटी देत. मुले त्यांना बापू म्हणत. वॉर्सातल्या एका शाळेने पुढे त्यांचेच नाव घेतले आहे. शाळेला नाव द्यायचे तर कोणाचे द्यावे, याचा एवढा चांगला निर्णय मी दुसरा पाहिलेला नाही.

बालाचडीत मुख्यतः अनाथ मुले होती. आयांसह, आज्यांसह आलेल्या मुलांसाठी मोठी जागा हवी होती. ती कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला, मिरज लाइनवरच्या स्टेशनजवळ, पंचगंगेच्या बाजूला मिळाली. १९४३ च्या पावसाळ्याच्या तोंडावर पहिले लोक आले आणि बघता बघता वस्ती सुमारे पाच हजारांवर गेली. हिंदुस्थानातली ती सर्वांत मोठी पोलिश वस्ती. त्यात तरुण पुरुष जवळजवळ नाहीत. ते अँडर्सच्या सैन्यात होते, किंवा कैदेत होते, किंवा नव्हतेच.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण आपल्या ग्रुपवर वर्षातून दोनदा तोच मजकूर फिरतो: "कोल्हापूरच्या महाराजांनी पाच हजार पोलिश निर्वासितांना आसरा दिला." अभिमान मलाही आहे. पण १९४३ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर एक दोन वर्षांचे मूल होते. राजाराम महाराज १९४० च्या नोव्हेंबरात वारले होते आणि कारभार रीजन्सीकडे होता. कॅम्प उभारण्याचे ठरले ते ब्रिटिश हिंदुस्थान सरकार आणि पोलिश सरकार यांच्यात, आणि खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारच्या खात्यावर पडत होता. मुंबईतले पोलिश कॉन्सल जनरल बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी त्यासाठी जिवाचे रान केले. किराबाई पुढे भारतातच राहिल्या. मग कोल्हापूरने काय दिले? जमीन दिली, पाणी दिले, शेजार दिला. शेजार ही काही लहानसहान देणगी नाही, पण ती राजवाड्यातून आली नाही. ती वळिवडे, उचगाव, चिंचवाड इथल्या माणसांनी दिली, आणि त्यांची नावे कोणत्याच मजकुरात येत नाहीत.

कॅम्प कसा होता? दगडी जोते, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौले. प्रत्येक कुटुंबाला खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पडवी. दवाखाना, चर्च, अनाथाश्रम, ग्रंथालय, नाटकाचा मंच. आत बाजार भरे. फळवाले, शिंपी, चांभार यांची ये-जा असे. उणे चाळीस अंशांतून आलेल्या मुलांना आपला एप्रिल काय वाटला असेल, आणि मग पुढे तट्ट्यांतून आत येणारा आपला जुलै!

पण मला सगळ्यात जास्त कुतूहल आहे ते शाळांचे. ज्या बाया कालपरवापर्यंत जंगलात लाकडे तोडत होत्या, त्यांतल्या शिक्षिकांनी आल्या आल्या शाळा उघडल्या. बालवाडी, प्राथमिक शाळा, माध्यमिक, उच्च माध्यमिक, शिवाय व्यवसाय शिकवणारे वर्ग. मुलांची दोन-तीन वर्षे वाया गेली होती. दहा वर्षांच्या मुलाला अक्षर ओळखता येत नव्हते आणि त्याच्या शेजारी सहा वर्षांचा बसत होता. पुस्तके नव्हती. मग पॅलेस्टाइनमध्ये जेरुसलेमला पोलिश पाठ्यपुस्तके छापली गेली आणि ती दूरदूरच्या कॅम्पांत वाटली गेली. विचार करा, पोलंडच्या इतिहासाचे पुस्तक जेरुसलेमला छापून कोल्हापुरात शिकवले जाते आहे. शेवटी परीक्षा असे, तिला ते 'मातुरा' म्हणतात, म्हणजे आपली मॅट्रिकच. वळिवड्याला बसून ती परीक्षा पास झालेली मुले पुढे लंडनमध्ये इंजिनिअर आणि शिक्षक झाली.

शाळेच्या जोडीला स्काउट. आपल्याला स्काउट म्हणजे शनिवारी सकाळी कवायत आणि दोरीच्या गाठी. त्यांच्याकडे ती जवळजवळ दुसरी शाळाच होती. छावण्या, शेकोट्या, गाणी, मोठ्या मुलांनी लहानांची जबाबदारी घेणे. आई कामात आणि बाप युद्धावर असलेल्या मुलांना संध्याकाळी काय करायचे हा प्रश्न स्काउटने सोडवला. राष्ट्रीय सण साजरे होत, ३ मे हा त्यांचा संविधान दिन, ११ नोव्हेंबर हा स्वातंत्र्यदिन. त्या त्या प्रांताचे भरजरी पोशाख हातांनी शिवून मुली नाचत. इतका खटाटोप कशासाठी, असे एखाद्याला वाटेल. आयांनी तो ओळखून केला होता. मुलाला कीव पोटभर मिळत होती. त्याला घंटा हवी होती, तास हवा होता, चुकले तर ओरडणारी बाई हवी होती, आणि संमेलनात टाळ्या हव्या होत्या.

बाहेरच्या हिंदुस्थानाशी मात्र त्यांचा संबंध बेताचाच आला, हेही खरे. कॅम्प स्वतःतच पुरा होता. त्याला खिडक्या पाडणाऱ्या माणसांत वांदा दिनोव्स्का ही विलक्षण पोलिश बाई होती. ती १९३५ मध्येच भारतात आली होती, गांधीजींच्या सहवासात होती, उमादेवी हे नाव तिने घेतले होते. ती पोलिश मुलांना हा देश समजावून सांगे. तिच्याबरोबर काम करणारा मॉरिस फ्रीडमन हा पोलिश इंजिनिअर, ज्याने औंध संस्थानच्या लोकसत्ताक राज्यघटनेच्या प्रयोगात हात लावला होता. औंधचे पंतप्रतिनिधी, फ्रीडमन आणि वळिवड्याची मुले एका कथेत येतात, हे मला कळले तेव्हा मी ग्रंथालयात एकटाच हसलो होतो. उमादेवींनी आयुष्याच्या उत्तरार्धात धरमशालेला जाऊन तिबेटी निर्वासित मुलांसाठी काम केले. ज्याला एकदा ही मुले दिसतात त्याला ती सगळीकडे दिसू लागतात बहुधा.

मग फेब्रुवारी १९४५. याल्टा परिषद आपल्याला टीप लिहायला असे. तिथे तीन बड्या पुढाऱ्यांनी पोलंडची पूर्व सीमा पश्चिमेकडे सरकवली. लव्होव, विल्नो आणि भोवतालचा मुलूख सोव्हिएत संघाकडे गेला. वळिवड्यातले बहुतेक लोक नेमक्या त्याच मुलखातले. दीड-दोन वर्षे बायांनी वर्गात नकाशा टांगून ज्या गावांवर छडी ठेवली होती, ती गावे आता त्या देशातच नव्हती. जुलैत ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या नव्या सरकारला दिली. सगळी तयारी परत जाण्यासाठी होती आणि परत जायला जागा उरली नाही. आयांनी ते मुलांना कसे सांगितले असेल, शाळेत दुसऱ्या दिवशी भूगोलाचा तास कसा झाला असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. शाळा मात्र चालू राहिली. बालाचडीची मुलेही १९४६ मध्ये इथेच आली. पंचगनीला आरोग्यासाठी ठेवलेली मुले होती, तीही पांगली. कोणी पोलंडला परतले. बरेचसे ब्रिटनला गेले, कारण तिथे पोलिश सैनिकांच्या कुटुंबांना वसवण्याचा कायदा झाला होता. कोणी ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला, अमेरिकेला. १९४८ मध्ये कॅम्प रिकामा झाला. एका मुलीने मराठी तरुणाशी लग्न केले आणि ती कोल्हापूरचीच झाली. काहीजण कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत राहिले.

बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. त्याच वर्षी तिथे सिंधमधून आलेली कुटुंबे आली. तीच जोती, तेच तट्टे, तोच पाण्याचा नळ. गावाला गांधीनगर नाव मिळाले.

या दुसऱ्या मुलांची गोष्ट वेगळी आहे आणि ती कोणी स्तंभावर कोरलेली नाही. ती परक्या देशात आली नव्हती, कागदोपत्री हा त्यांचाच देश होता. म्हणून त्यांच्यासाठी दूरदेशी कोणी पाठ्यपुस्तके छापली नाहीत, कोणी पाहुणा म्हणून बघायला आले नाही. थोरली भावंडे सिंधी पाटीवर शिकली होती, धाकट्यांना मराठी शाळेत घातले. दुसऱ्या दिवसापासून बाप डोक्यावर गठ्ठा घेऊन खेडोपाडी कापड विकत होता. मुलगा शाळेतून आला की गठ्ठ्यावर बसत होता. तीस वर्षांत त्यांनी त्या बराकींची अशी बाजारपेठ केली की बेळगाव-निपाणीपासून दुकानदार खरेदीला येऊ लागले. आपण त्या यशाचे कौतुक करतो. ते सोपे असते, कारण त्यात आपल्याला काही करावे लागलेले नसते.

आता आपल्या वर्गाकडे येतो. मला खरे लिहायचे होते ते हेच, आणि एवढा वेळ मी त्याभोवती घिरट्या घातल्या.

आपण त्याला 'पापड' म्हणायचो. ते नाव मी ठेवले होते. आठवीतली गोष्ट. बांगलादेशच्या युद्धाला फार दिवस झाले नव्हते, पाकिस्तान हा शब्द मैदानात शिवीसारखा वापरला जाई. भूगोलाच्या बाई नद्या शिकवत होत्या. सिंधू आली तेव्हा त्यांनी त्याला उठवले आणि विचारले, "तुझ्या वडिलांचं गाव कुठलं रे?" तो म्हणाला, "शिकारपूर." भारताच्या नकाशात ते असणारच नव्हते. बाईंनी शिपायाला पाठवून खोलीतून आशियाचा जुना नकाशा मागवला, तो फळ्यावर टांगला आणि त्याला म्हणाल्या, "ये, दाखव." नकाशा लहान, गाव त्याहून लहान. त्याला सापडेना. शेवटी बाईंनीच सिंधूच्या पश्चिम काठाला खडूने एक टिंब दिले. तो त्या टिंबाकडे बघत उभा होता. मी मागच्या बाकावरून म्हणालो, "पाकिस्तानी पापड!" अख्खा वर्ग हसला. तुम्हीही हसलात, आठवत नसेल तर आठवा.

बाईंनी मला मारले नाही. मारले असते तर बरे झाले असते. त्यांनी विचारले, "तुझं गाव?"

"गडहिंग्लज."

"उद्या जायचं ठरवलंस तर जाता येईल?"

"हो."

"त्याला येणार नाही. बस खाली."

पुढच्या वर्षी त्याने मला घरी बोलावले. का बोलावले, हे मला तेव्हाही कळले नाही. मी त्या आईच्या हातची कोकी खाल्ली, चौकटीवरची अक्षरे पाहिली, आणि सोमवारी पुन्हा त्याला 'पापड' अशीच हाक मारली. दहावीला, म्हणजे १९७५ साली, नव्या अभ्यासक्रमाच्या आपल्या पहिल्या तुकडीत, त्याला मराठीत माझ्यापेक्षा सात गुण जास्त होते. पुढे आम्ही भेटत राहिलो, लग्नाकार्यांना गेलो, मुलीच्या साड्या त्याच्याकडूनच घेतल्या. त्या तासाबद्दल मात्र कधी बोललो नाही.

वळिवड्याची पोलिश मुले मोठेपणी लंडनमध्ये एकत्र आली. 'भारतातले पोलिश, १९४२ ते १९४८' अशी त्यांची संघटना आहे. ती आपल्यासारखेच मेळावे भरवत आली, आणि सगळ्यांच्या आठवणी आणि कागदपत्रे गोळा करून त्यांनी एक जाडजूड ग्रंथ काढला. त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. स्मरणिकेचे संपादक मजकूर वेळेवर येत नाही म्हणून रडत असतात, त्यांनी तो ग्रंथ एकदा डोळ्यांखालून घालावा. महावीर गार्डनमधला पोलिश स्तंभ आपण सगळ्यांनी पाहिला आहे, निदान त्याच्या सावलीत भेळ खाल्ली आहे. वॉर्सातही एक कोल्हापूर स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले तेव्हा ग्रुपवर तो महाराजांचा मजकूर पुन्हा आला, आणि मी पुन्हा दुरुस्ती लिहिली, आणि कोणीतरी पुन्हा अंगठा दाखवला.

त्याआधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, त्या वेळची काही मुले पोलंडच्या शिष्टमंडळाबरोबर कोल्हापूरला आली होती. ऑगस्टच्या महापुराच्या खुणा अजून भिंतींवर होत्या. वळिवड्यात स्तंभाचे अनावरण होते. मी गेलो, आणि तोही दुकान मुलावर टाकून आला. पुढच्या रांगेत पांढऱ्या केसांची ती माणसे बसली होती. कोणी काठी टेकून, कोणी नातवाचा हात धरून. आम्ही मागे, गर्दीत उभे होतो. भाषणे झाली, फोटो झाले. एक म्हातारी कार्यक्रम सोडून बाजूच्या मोकळ्या जागेकडे एकटीच बघत होती. "ती बराक शोधतेय," तो म्हणाला. "माझी आई अशीच बघायची. तिला बघायला शिकारपूर नव्हतं, म्हणून ती स्टेशनकडे बघायची."

परत येताना त्याने मला गोदामाच्या मागे नेले. काळ्या दगडांचे एक जोते अजून होते, त्यावर पत्र्याची शेड. "याच्यावर माझा जन्म," तो म्हणाला. मी चौकटीचे विचारले. ती अक्षरे आज मला वाचता आली असती, निदान वाचून घेता आली असती. तो म्हणाला, "अठ्ठ्याहत्तरला पक्कं घर बांधलं तेव्हा बंबात गेली. चांगलं सागवान होतं, आठवडाभर पाणी तापलं."

मग मी 'पापड'बद्दल बोललो. ते नाव माझे, त्या तासाला ओरडलो तो मी, आणि हे सांगायला मला पंचेचाळीस वर्षे लागली. तो थोडा वेळ गप्प बसला. मला वाटले, आता खरे काहीतरी ऐकावे लागणार. तो म्हणाला, "तू? मी तर समजत होतो मॉनिटरनं ठेवलं. म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच माणसाला जास्त भावानं कापड विकलं?"

भूगोलाच्या बाई मेळाव्याला येणार आहेत असे कळते. त्यांना पहिल्या रांगेत बसवावे, कारण त्यांना आता कमी ऐकू येते आणि आपला मित्र त्या दिवशी व्यासपीठावर सिंधी गाणे म्हणणार आहे, त्याच्या आईचे. हे त्याने स्वतः ठरवले आहे, मी फक्त नाव यादीत घातले. व्यासपीठाच्या पडद्याचे कापडही त्याच्याच दुकानातून आले आहे. बिल समितीकडे आहे, आणि पावतीवर जुन्या मॉनिटरची सही हवी असा त्याचा आग्रह आहे.